कीटकांच्या क्लोज-अपसाठी फ्लॅशचा उजेड मऊ कसा करावा

रुईच्या पानावर बसलेल्या ढालकिड्याचा, म्हणजे लेडीबर्डचा, फ्लॅश लावून काढलेला पहिला फोटो बहुतेकांचा एकसारखाच येतो. लाल पाठीवर मधोमध पांढराफटक डाग, पोटाखाली काळीकुट्ट सावली आणि सकाळी दहाची वेळ असूनही मागे मिट्ट अंधार. पाठीवरची नक्षी बघून जात ओळखावी म्हटलं, तर नेमकी ती नक्षीच त्या डागात बुडालेली असते. असा फोटो दाखवला की हमखास सल्ला मिळतो, फ्लॅश सोडा आणि नैसर्गिक उजेडात काढा. नवशिक्याला हा सल्ला देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. खोट फ्लॅशमध्ये नसते. त्याचा उजेड एवढ्याशा जागेतून येतो, ही खोट असते, आणि ती स्टेशनरीच्या दुकानात मिळणाऱ्या सामानात दूर करता येते.

फ्लॅश हवाच कशाला?

कीटक प्रत्यक्षात जेवढा आहे तेवढाच सेन्सरवर उतरवायचा, म्हणजे एकास एक मोठेपणा गाठायचा, तर लेन्सचं छिद्र एफ/११ एवढं लहान ठेवूनही जेमतेम एक मिलिमीटर खोलीचा भाग स्पष्ट येतो. ढालकिडा स्वतःच पाच-सहा मिलिमीटरचा. एफ/२.८ एवढ्या मोठ्या छिद्राला डोळा स्पष्ट येईल आणि बाकी सगळं विरघळून जाईल. म्हणून छिद्र लहान ठेवावं लागतं. त्यात इतक्या जवळून काढताना सेन्सरपर्यंत पोचणारा उजेड आणखी घटतो. एकास एक मोठेपणाला एफ/११ चा उजेड प्रत्यक्षात एफ/२२ एवढाच उरतो. झाडाखालच्या सावलीत, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १०० वर, शटर सेकंदाच्या आठव्या-दहाव्या भागापर्यंत खाली येतं. तेवढ्या वेळात पान वाऱ्यानं हलतं, हात श्वासाबरोबर हलतो आणि कीटक मिशा हलवतो.

फ्लॅश या दोन्ही अडचणी एकदम सोडवतो. तो उजेड तर देतोच, शिवाय कमी ताकदीवर त्याचा लखलखाट सेकंदाच्या दहा हजाराव्या भागाच्या आसपास आटोपतो. हालचाल फोटोत उतरायला वेळच मिळत नाही. ट्रायपॉड घरी ठेवून हातात कॅमेरा धरून मॅक्रो, म्हणजे असे क्लोज-अप, करता येतं ते यामुळेच.

मऊ उजेड येतो कुठून

आषाढातल्या भरून आलेल्या दिवशी अंगणात कुणाची सावली पडत नाही. ढग नसले की तोच सूर्य काठाकाठानं कापल्यासारखी सावली टाकतो. सूर्य पृथ्वीपेक्षा कितीतरी मोठा आहे, पण आपल्याला तो आकाशात फक्त अर्ध्या अंशाएवढा दिसतो, म्हणून त्याचा उजेड कडक. ढग आले की सगळं आभाळच दिवा होतं आणि उजेड चहूबाजूंनी येतो. दिवा खरा किती मोठा आहे याला महत्त्व नाही, समोरच्या वस्तूला तो किती मोठा दिसतो याला आहे.

आता ढालकिड्याच्या जागी जाऊन पाहा. पाव मीटरवर फ्लॅशचं डोकं आहे, सात सेंटिमीटर रुंदीचं. त्याला ते साधारण १६ अंशांत दिसतं, म्हणजे एक छोटी खिडकी. त्याऐवजी २० सेंटिमीटर रुंद दुधी पडदा त्याच्यापासून ८ सेंटिमीटरवर आणला, तर तो शंभर अंशांपेक्षा जास्त जागा व्यापतो. किड्याच्या दृष्टीनं आभाळाचा मोठा भाग उजळला. तोच पडदा मागे, ४० सेंटिमीटरवर, नेला की २८ अंशांवर येतो आणि उजेड पुन्हा कडक होऊ लागतो. पडदा मोठा हवा हे सगळे सांगतात. तो जवळ हवा हे सांगायचं राहून जातं, आणि नवशिक्याचं अडतं ते तिथेच.

फ्लॅशच्या खोक्यात येणारी पांढरी प्लास्टिकची टोपी इथे काही कामाची नाही. ती खोलीत चालते, कारण तिच्यातून चारी दिशांना फेकलेला उजेड भिंती आणि छतावरून परत येतो. रानात भिंती नाहीत. टोपीचा आकार फ्लॅशच्या डोक्याएवढाच असतो, त्यामुळे उजेड फक्त कमी होतो, मऊ होत नाही.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. ढालकिड्याच्या पाठीवरचा पांढरा डाग म्हणजे तुमच्या फ्लॅशचं प्रतिबिंब. भुंगेऱ्यांचं कवच गुळगुळीत आणि फुगीर असतं, त्यात आजूबाजूचं बरंचसं जग उमटतं. ते प्रतिबिंब पुसून टाकता येत नाही. ते कसं दिसावं, एवढंच आपल्या हातात आहे. दिवा लहान असेल तर सगळी चमक एका टिंबात गोळा होऊन जळते. दिवा मोठा आणि एकसारखा उजळ असेल तर तीच चमक पाठीवर पातळ पसरते आणि तिच्याखालून रंग, खळगे, नक्षी दिसत राहते.

काही कीटकांच्या बाबतीत तर मोठ्या दिव्याशिवाय रंगच येत नाही. मोगली एरंडावर दिसणारे हिरवे-निळे ज्युएल बग किंवा पावसाळ्यात झुडपांवर येणारे सोनकिडे यांचा धातूसारखा रंग रंगद्रव्याचा नसतो. कवचातल्या अतिशय पातळ थरांवरून उजेड परावर्तित होताना तो तयार होतो आणि आरशासारखा ठरावीक दिशेनंच परत येतो. उघड्या फ्लॅशखाली एक जळलेला ठिपका आणि बाकी काळपट अंग, एवढंच हाती लागतं. रुंद पडद्याखाली तोच कीटक पूर्ण झळाळतो.

काय काय लागेल

कॅमेरा कुठलाही चालेल. लेन्स ९० ते १०५ मिलिमीटरची मॅक्रो असेल तर उत्तमच. ती परवडत नसेल तर नेहमीच्या टेलिझूमच्या तोंडावर रेनॉक्स डीसीआर-२५० सारखं जोडभिंग लावून सुरुवात करावी. त्याची ताकद ८ डायॉप्टर आहे आणि ते ५२ ते ६७ मिलिमीटर फिल्टरच्या लेन्सवर चिमट्यानं बसतं. फ्लॅशची एकच अट आहे, ताकद हातानं कमी-जास्त करता आली पाहिजे. जुना, वापरलेला फ्लॅश चालेल. कॅमेऱ्यातला उघडणारा छोटा फ्लॅशही पडदा लावून वापरता येतो, फक्त त्याची ताकद कमी आणि लेन्सची सावली खाली पडण्याची भीती जास्त.

मोबाइलवाल्यांसाठी वेगळं सांगतो. मोबाइलचा फ्लॅश अगदी अशक्त असतो आणि हालचाल गोठवत नाही. त्यापेक्षा हातात एक छोटा एलईडी दिवा घ्या, त्याच्यापुढे पाच-सहा सेंटिमीटरवर बटर पेपर धरा आणि स्वस्थ बसलेले कीटक निवडा. पुढे पडद्याबद्दल सांगितलेलं बहुतेक सगळं तिथेही लागू पडतं.

पडदा तयार करणं

बाजारात तयार डिफ्यूझर, म्हणजे उजेड पसरवणारे पडदे, मिळतात आणि त्यांतले काही खरोखर चांगले आहेत. तरी पहिला स्वतः करावा, कारण तो करताना उजेड कसा वागतो ते कळतं. सामान असं: फाइलच्या कव्हरला वापरतात ते दुधी, किंचित खरखरीत प्लास्टिक, ए-४ आकाराचं. काळा कार्डशीट. स्वयंपाकघरातली अॅल्युमिनियम फॉइल. टीव्ही किंवा क्रोकरीच्या खोक्यात गुंडाळलेला असतो तो पातळ पांढरा फोम. वेल्क्रो, दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप, कटर आणि पट्टी.

१. फ्लॅश आणि लेन्स कॅमेऱ्यावर चढवा, लेन्सचं हूड काढून ठेवा. टेबलावर एक नाणं ठेवून लेन्स एकास एकला फोकस करा आणि लेन्सच्या पुढच्या कडेपासून नाण्यापर्यंतचं अंतर पट्टीनं मोजा. १०० मिलिमीटरच्या आसपासच्या लेन्सला ते साधारण १३ ते १५ सेंटिमीटर भरतं. तुमचा पडदा एवढ्याच जागेत बसायचा आहे. मोजल्याशिवाय कापायला घेऊ नका.

२. कार्डशीटचे चार तुकडे कापून निमुळतं खोकं करा. मागचं तोंड फ्लॅशच्या डोक्यावर घट्ट बसेल एवढं, पुढचं साधारण २० बाय १२ सेंटिमीटर. लांबी अशी, की पुढचं तोंड लेन्सच्या टोकाच्या जरा पुढे येईल. वरचा तुकडा खालच्यापेक्षा पाच-सहा सेंटिमीटर लांब ठेवा. त्यामुळे तोंड सरळ समोर न राहता तिरपं, खाली बघणारं होतं आणि पडदा कीटकावर छज्जासारखा झुकतो. हा एक काप चुकला तर बाकीच्या मेहनतीचा अर्धा उपयोग वाया जातो.

३. फॉइल आधी चुरगाळा, मग हातानं सपाट करून खोक्याच्या आतून चिकटवा. गुळगुळीत फॉइल उजेडाचे पट्टे टाकते, चुरगाळलेली तो विखरते. बाहेरून मात्र खोकं काळंच राहू द्या, उजेड इकडेतिकडे सांडत नाही.

४. खोक्याच्या साधारण मध्यावर पहिला पडदा लावा. फोमचा एक थर पुरतो. त्याच्या मधोमध, जिथे फ्लॅशचा झोत थेट आदळतो, तिथे फ्लॅशच्या डोक्याएवढा आणखी एक तुकडा चिकटवा. हा तुकडा झोताची धार मोडून उजेड कडांकडे ढकलतो.

५. पुढच्या तोंडावर दुधी प्लास्टिक आडवं लावा. खालच्या कडेला मधोमध लेन्सच्या व्यासाएवढा अर्धगोल कापून घ्या, म्हणजे प्लास्टिक लेन्सवर नीट टेकेल आणि दोन्ही बाजूंचे कान लेन्सच्या कडेनं खाली उतरतील. हे कान कापून टाकू नका. कीटकाच्या पोटाकडे आणि पायांकडे जो काही उजेड जातो तो यांच्यामुळे. प्लास्टिक ताणून सपाट न बसवता थोडं आत वळलेलं ठेवा.

६. सगळं वेल्क्रोनं फ्लॅशला बांधा. पडदे कायमचे चिकटवू नका, ते बदलावे लागणार आहेत.

दोन पडदे आणि त्यांच्यामध्ये आठ-दहा सेंटिमीटरची मोकळी जागा, हा या रचनेचा गाभा आहे. एकावर एक चिकटवलेले चार थर फक्त उजेड खातात. अंतर ठेवलेले दोन थर उजेड पसरवतात. पहिल्या पडद्यावर झोत आदळून रुंद होतो, मधल्या जागेत तो आणखी पसरतो, आणि पुढचा पडदा तो एकसारखा बाहेर सोडतो.

काळ्या मण्याची चाचणी

पडदा चांगला झाला की नाही हे कीटकावर तपासू नका. घरातला एक चकचकीत काळा मणी घ्या, मंगळसूत्रातला असतो तेवढा. दोऱ्यात ओवून किंवा चिकणमातीच्या गोळीवर टेकवून ठेवा आणि ज्या अंतरावरून कीटक काढणार त्याच अंतरावरून त्याचा फोटो घ्या. मग स्क्रीनवर मण्यातलं प्रतिबिंब पूर्ण मोठं करून बघा. कीटकाला तुमचा दिवा कसा दिसतो याचा तो हुबेहूब नकाशा असतो.

प्रतिबिंबात मधोमध एक जळजळीत टिंब आणि भोवती मंद वलय दिसलं, तर झोत अजून पहिल्या पडद्यातून थेट आरपार येतो आहे. मधला तुकडा जाड करा किंवा पहिला पडदा फ्लॅशपासून आणखी पुढे सरकवा. डाव्या बाजूला उजळ आणि उजव्या बाजूला काळपट दिसलं, तर खोकं वाकडं बसलं आहे. प्रतिबिंब एकसारखं उजळ पण लहान, मण्याच्या एका कोपऱ्यात कोंबल्यासारखं दिसलं, तर पडदा लांब आहे, पुढे झुकवा. आणि मण्याच्या वरच्या अर्ध्या भागावर दुधी चमक पसरून कडांकडे विरत गेलेली दिसली, की पडदा तयार झाला. खालच्या बाजूला लेन्सचा काळा गोल दिसणारच, त्याची चिंता नको.

दर वेळी एकच बदल करून पुन्हा मणी काढा. फ्लॅशच्या डोक्याचा झूमही बदलून बघा. २४ मिलिमीटरवर, म्हणजे सर्वांत रुंद, ठेवलं की बहुतेक घरगुती पडदे जास्त एकसारखे भरतात. हे सगळं घरच्या टेबलावर, पंख्याखाली, निवांतपणे करण्यासारखं काम आहे. रानात यासाठी वेळ नसतो.

कॅमेऱ्यावर काय ठेवायचं

कॅमेरा मॅन्युअलवर, शटर १/२००, छिद्र एफ/११, आयएसओ २००, फ्लॅशही मॅन्युअलवर आणि ताकद १/१६. इथून सुरुवात करा. फोटो काळा आला तर आधी आयएसओ ४०० करा, मग फ्लॅश १/८ वर न्या. उजळ आला तर १/३२. टीटीएल, म्हणजे फ्लॅशची ताकद कॅमेऱ्यानंच ठरवणं, वाईट नाही, पण काळा भुंगा आणि पांढरं फूल एका चौकटीत आलं की त्याचा अंदाज हलतो. पडदा आणि कीटक यांच्यातलं अंतर जवळपास सारखंच राहत असल्यानं मॅन्युअलला एकदा बसवलेली ताकद बराच वेळ चालते.

छिद्र एफ/१६ च्या पुढे नेऊ नका. खोली वाढेल, पण विवर्तनामुळे, म्हणजे लहान छिद्रातून जाताना उजेड पसरल्यामुळे, पायांवरचे केस, डोळ्यांची जाळी असे बारकावे मऊ पडतील. हायस्पीड सिंक बंद ठेवा. त्यात फ्लॅश एका झटक्यात न पेटता थरथरत राहतो, ताकद घटते आणि हालचाल गोठवण्याचा गुण जातो. मिररलेस कॅमेऱ्यात एक्स्पोजर दाखवणारा प्रिव्ह्यू बंद करा, नाहीतर या सेटिंगला व्ह्यूफाइंडर काळा दिसेल आणि फोकस करता येणार नाही. जळलेला भाग लुकलुकवून दाखवणारी खूण मात्र चालू ठेवा आणि फोटो रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये, घ्या.

रुईच्या झुडपापाशी

शिकण्यासाठी मी रुई सुचवतो. माळावर, रस्त्याकडेला, पडीक प्लॉटवर ती असतेच, आणि एका झुडपावर सगळ्या प्रकारची अंगं सापडतात. कोवळ्या शेंड्यांवर पिवळा मावा, तो खायला आलेले ढालकिडे, त्याच्या गोड स्रावासाठी मुंग्या, बिबळ्या कडवा फुलपाखराची पट्टेदार अळी, फुलांवर मोठे काळे भुंगे. आणि निळा-पिवळा रंगीत नाकतोडा, जो इतर नाकतोड्यांसारखा चटकन उडी मारून पसार होत नाही. रुईचं विष अंगात साठवलेलं असल्यानं त्याला पळायची फारशी गरज पडत नाही. नवशिक्यासाठी इतका सोशिक कीटक दुसरा नाही. शिवाय रुईचं पान फिकट, लव असलेलं असतं. वरून आलेला उजेड ते खालून परत फेकतं आणि पोटाखालची सावली आपोआप हलकी होते.

एक सावधगिरी पाळायलाच हवी. रुईचा चीक डोळ्यांत गेला तर गंभीर इजा होते. पान तोडू नका, फांदी मोडू नका, आणि हात लागलाच तर धुतल्याशिवाय डोळा व्ह्यूफाइंडरला लावू नका.

सकाळी लवकर जा, अंग गार असताना कीटक मंद असतात. दुरून एक-दोन फोटो घ्या, मग हळूहळू जवळ सरका. पडदा पांढरा आणि मोठा आहे, तो वरून झपकन आला तर किडा टुपकन खाली पडतो किंवा उडतो. समोरून, पानाच्या पातळीवरून पुढे जा आणि आपली सावली त्याच्यावरून फिरू देऊ नका. डावा हात पानाच्या देठाशी हलकेच टेकवा आणि त्याच हातावर लेन्स ठेवा. पान हललं तरी लेन्स त्याच्याबरोबर हलेल. फोकस मॅन्युअलवर ठरवून टाका आणि शरीरच केसभर पुढे-मागे झुलवत डोळा स्पष्ट दिसला की बटण दाबा. एकाच मुद्रेचे दहा-बारा फोटो घ्यावेत. एक मिलिमीटरच्या खोलीत त्यांतला एखादाच नेमका बसतो.

चतुर आणि टाचण्या पडदा जवळ येऊ देत नाहीत. त्यांच्यासाठी अंतर वाढवावं लागतं आणि उजेड थोडा कडक होतो, ही तडजोड मान्य करावी. नाहीतर पहाटे जा, दव पडलेलं असताना त्या गवताच्या काडीवर स्थिर असतात. संध्याकाळचा उतरता उजेडही सोन्यासारखा. निळ्या पट्ट्यांच्या मधमाश्यांचे नर तेव्हा काडी जबड्यात धरून झोपायला लटकतात आणि रात्रभर तिथेच असतात. अंधारात फोकस करायला खोक्यावर एक लहान टॉर्च बांधा. एफ/११ आणि १/२०० ला तिचा उजेड फोटोत जवळपास येत नाही.

मागचा अंधार

फ्लॅशचा उजेड अंतरानुसार झपाट्यानं ओसरतो. कीटक पडद्यापासून १० सेंटिमीटरवर आणि मागची झाडी ४० सेंटिमीटरवर असेल, तर झाडीला साधारण सोळावा हिस्सा मिळतो. म्हणून मागे काळं येतं. निशाचर पतंगाला ते शोभतं, दिवसा फुलावर बसलेल्या माशीला नाही.

सर्वांत सोपा उपाय म्हणजे कोन बदलणं. कीटकाच्या मागे चार-पाच सेंटिमीटरवर दुसरं पान येईल असं उभं राहा, तेही फ्लॅशनं उजळेल आणि धूसर हिरवं दिसेल. तसं पान नसेल तर आयएसओ ८०० आणि शटर १/६० करून आसपासचा उजेड आत घ्या, फ्लॅशची ताकद त्या मानानं उतरवा. मात्र भर उन्हात हे करू नका. ऊन आणि फ्लॅश दोन्ही अंगावर पडले की हलणाऱ्या मिशांची दुहेरी प्रतिमा येते. छत्री धरून सावली करून घ्या, आणि मग हा उपाय वापरा.

अंगाअंगाप्रमाणे

काळा भुंगा सर्वांत कठीण. अंगाचा उजेड मोजून ताकद वाढवली की चमक जळते. त्याचा फोटो अंधारा वाटेल असाच घ्या आणि पंखांवरची जांभळट झाक येईपर्यंत कोन बदला. केसाळ अळ्या आणि माश्यांना अगदी सपाट उजेड मारक ठरतो, प्रत्येक केसाला एक बाजू उजळ आणि एक गडद हवी. तिथे पडद्याची एक बाजू काळ्या कागदानं झाका. पारदर्शक पंखांच्या शिरा दाखवायच्या तर मागे गडद पान येऊ द्या. पांढऱ्या फुलपाखरासाठी ताकद निम्मी करा.

सोनेरी कासव-भुंगेरा बेशरमीच्या पानांवर सापडतो. त्याचा सोनेरी रंग तो जिवंत असेपर्यंतच असतो, मेल्यावर उतरतो. कीटक फ्रीजमध्ये गार करून किंवा मारून टाचणीवर लावून फोटो काढण्याचा मार्ग मला अमान्य आहे, आणि या किड्याच्या बाबतीत तर त्यातून हाती काहीच लागत नाही.

चमक पूर्ण मारायला लेन्स आणि फ्लॅश दोन्हींवर पोलरायझर, म्हणजे एकाच दिशेत कंप पावणारा उजेड सोडणारा फिल्टर, लावण्याची युक्ती आहे. ती उजेड भरपूर खाते आणि सोनकिड्यासारख्यांचा धातूचा रंगही घालवते. पहिल्या वर्षात तिच्या वाटेला जाऊ नये.

पाऊस आणि पडदा

सह्याद्रीत कीटकांचा हंगाम म्हणजे जून ते सप्टेंबर, आणि बटर पेपर तिथे अर्ध्या तासात ओला होऊन लोंबतो. म्हणून पुढचा पडदा प्लास्टिकचाच. खोक्याला बाहेरून रुंद पारदर्शक टेप मारून घ्या. पडद्यावर पाण्याचे थेंब राहिले तर ते प्रतिबिंबात ठिपक्यांसारखे दिसतात, सुती रुमाल जवळ ठेवा. घरी आल्यावर फ्लॅशमधल्या बॅटऱ्या काढून ठेवा. राष्ट्रीय उद्यानात किंवा अभयारण्यात जाणार असाल तर वनखात्याचे नियम आधी विचारा, रात्री फिरायला परवानगी लागते.

फोम काही महिन्यांनी पिवळट पडतो आणि रंग उबदार दिसू लागतात. नव्या पडद्यासमोर पांढरा कागद धरून एक फोटो घ्या आणि संगणकावर त्यावरून व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरं पांढरंच दिसेल असा रंगांचा तोल, बसवा. महिन्याभरानं तसाच फोटो घेऊन ताडून पाहा. खूप फरक दिसला तर फोम बदला.

ओळख पटवण्यासाठी

मऊ उजेडातल्या फोटोत कवचावरचे खळगे, पंखांच्या शिरा, मिशांचे सांधे दिसतात, आणि जाणकार जात ओळखतात ती यांवरूनच. आयनॅचरलिस्टसारख्या, जीवांच्या नोंदी ठेवणाऱ्या संकेतस्थळावर फोटो टाकणार असाल तर एकच देखणा फोटो पुरत नाही. पाठीचा वरून, बाजूचा पायांसकट, आणि चेहऱ्याचा समोरून, असे तीन घ्या. पाठीचा घेताना सेन्सर पाठीला समांतर ठेवा, म्हणजे त्या एका मिलिमीटरच्या खोलीत जास्तीत जास्त भाग बसतो. चौथा फोटो झाडाचा घ्या, पान आणि फूल दिसेल असा, कारण बरेच कीटक ठरावीक झाडावरच राहतात. फ्लॅशची ताकद बदलायची तर ती या चौथ्या फोटोसाठी, कारण त्यात पडदा झाडापासून लांब जातो. सोबत तारीख, गाव आणि किड्याची लांबी मिलिमीटरमध्ये लिहा. लांबी कळण्यासाठी त्याच मोठेपणाला पट्टीचा एक फोटो काढून ठेवलेला असला की पुरतो.